वावटळीचा पंचनामा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक अनुभव वाचताना मनात शंका काढत असते. दारू प्यायला असेल... स्वप्न असेल... ऐकीव असेल. तेव्हा माझं लिहिलेलंही तुम्ही तसंच वाचा, माझी काही हरकत नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ‘नव्हता’ असं मी मुद्दामच लिहीत नाहीये. आजही नाही.

मी धाराशिवला एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी जूनमध्ये आठवीला सजीव-निर्जीवचा धडा घेते. फळ्यावर दोन रकाने आखायचे. वाढ, हालचाल, पोषण, श्वसन, प्रजनन, चेतना — ज्याला हे लागू पडतं ते डावीकडं, बाकीचं उजवीकडं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, “मॅडम, वावटळ कुठं लिहायची?” सगळा वर्ग हसला. पण ती गप्प बसली नाही. म्हणाली, “ती जन्मते, मोठी व्हते, पालापाचोळा खाते, चालते, मरते. एकीच्या दोन झालेल्या पण म्या बघितल्यात.” मी तिला सांगितलं की वावटळीत पेशी नसतात, म्हणून उजवीकडं. उत्तर पुस्तकाप्रमाणं बरोबर होतं. मुलीनं मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं हे मला दिसलं. असो.

हा शंका घ्यायचा स्वभाव मला वडलांकडून आला. आमचे अण्णा तलाठी होते, तीस वर्षांच्या वर नोकरी झाली त्यांची. गारपिटीचे, जळितांचे, वीज पडून मेलेल्या जनावरांचे किती पंचनामे त्यांनी लिहिले असतील, मोजदाद नाही. मी लहान असताना एका गावात विहिरीत उजेड दिसतो म्हणून बोभाटा झाला होता. कुणी म्हणे देवी, कुणी म्हणे धन आहे. अण्णा दोन पंच घेऊन दिवस मावळेपर्यंत काठावर बसून आले. घरी आल्यावर मी विचारलं, “अण्णा, उजेड नव्हताच ना?” तर म्हणाले, “आम्हाला दिसला न्हाय, येवढंच म्या लिवलंय. नव्हता असं कसं लिहू? म्या काय रोज तिथं बसतोय व्हय?”

विश्वास ठेवायचा नाही, पण ‘नाहीच’ असंही पुराव्याशिवाय म्हणायचं नाही... हे त्यांनी कधी शिकवलं नाही, त्यांच्या वागण्यातून आपोआप आलं.

आणि मग याच माणसाची आठवण जायला लागली. आधी नावं गेली, मग वार, मग चहा घेतला की नाही ते. धाराशिवच्या डॉक्टरांनी एक फॉर्म भरून घेतला. आज वार कोणता, आपण कुठं आहोत, शंभरातून सात वजा करा. अण्णांनी निम्म्याच्या वर उत्तरं चुकवली. त्या फॉर्मवर शेवटी चौकोन होते आणि डॉक्टरांनी त्यातल्या एकावर खूण केली. मला हे लिहायला लाज वाटते, पण त्या खुणेनंतर मी अण्णांसमोरच त्यांच्याबद्दल बोलायला लागले. “त्यांना आता काही कळत नाही,” असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते तिथंच खुर्चीत बसलेले असायचे. मीही एका चौकोनात त्यांना बसवून टाकलं होतं.

आता मूळ गोष्ट.

आमचं गाव तेरपासून चार-पाच किलोमीटरवर आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथं माझा भाऊ राहतो आणि लोक उगाच बघायला येतील. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या म्हणून मी चार दिवस माहेरी आले होते. दादा कामासाठी सोलापूरला गेलेला. घरी मी, वहिनी आणि अण्णा. बारा-सव्वाबाराला आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. अण्णा ओसरीवर बाजेवर पडलेले. मी ताट घेऊन बाहेर आले तर बाज रिकामी. चपला जागेवर नाहीत. टोपीही खुंटीवर नाही. बाहेर पडताना टोपी घालायची सवय मात्र त्यांची गेली नव्हती.

मारुतीचं देऊळ बघितलं, पार बघितला, एसटी थांब्यावर विचारलं. कुणीच बघितलं नव्हतं. एप्रिलातल्या दुपारी रस्त्यावर असतं कोण? गावातली तीन-चार माणसं मोटारसायकली घेऊन तेरच्या रस्त्याला गेली, कारण मागच्या वेळी अण्णा त्या बाजूला सापडले होते. वहिनी म्हणाली, “वन्सं, आपण एक डाव शेतात बघून येऊ.” आम्ही तिच्या स्कूटीवर निघालो.

शेताचा आकार सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. शेत लांबट आहे, पूर्व-पश्चिम. पूर्वेच्या टोकाला बांधावर एक मोठा लिंब आहे, गावाकडून आलं की तिथंच पोचतो. पश्चिमेच्या टोकाला कोरडा ओढा, आणि ओढ्यावरून पलीकडच्या वस्तीला जाणारा कच्चा रस्ता. पावसाळ्यात पाणी जावं म्हणून त्या रस्त्याखाली सिमेंटच्या दोन मोठ्या नळ्या टाकल्यात. लिंबापासून नळ्यांपर्यंत साधारण चारशे पावलं. मधे सगळी नांगरट — काळी ढेकळं, आडोसा म्हणून काही नाही. दक्षिणेच्या बांधाला धरून एक पायवाट जाते, तेवढीच.

आम्ही एकच्या सुमारास लिंबाखाली पोचलो. तिथून सगळं शेत दिसत होतं आणि सगळं शेत मोकळं होतं. हाका मारल्या. काही नाही. ऊन असं की लांबचं सगळं पाण्यात बघितल्यासारखं हलत होतं. शेजारच्या रानात कुणीतरी काडीकचरा पेटवला होता, त्याचा धूर हळूहळू आमच्याकडं येत होता. म्हणजे वारा पश्चिमेकडून होता. हे लक्षात ठेवा.

मी म्हणाले, “इथं नाहीत. चला, ढोकीच्या रस्त्याला बघू.” मी स्कूटीकडं वळलेसुद्धा.

वहिनी म्हणाली, “थांबा वो जरा. ती बघा वावटळ आली.”

नांगरटीच्या मधोमध एक वावटळ उठली होती. उन्हाळ्यात आमच्याकडं दिवसाला दहा उठतात. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. दोन पुरुष उंचीची असेल, बुडाशी एखाद्या टोपल्याएवढी. ती आमच्या दिशेनं आली, म्हणजे वाऱ्याबरोबर, आणि पंधरा-वीस पावलांवर येऊन घुटमळली. वहिनीनं पदर तोंडावर घेतला आणि आमच्याकडं करतात तसं थू थू केलं. आणि मग एकदम माझा दंड धरून म्हणाली, “वन्सं... अण्णांची टोपी!”

वावटळीत, कमरेएवढ्या उंचीवर, काहीतरी पांढरं गरगरत होतं.

मी धावले. डोक्यात एवढंच की टोपी मिळाली तर ती कुठून आली ते कळेल. वावटळ मागं सरकली — पश्चिमेकडं, पायवाटेच्या कडेकडेनं. मी धावत होते तरी अंतर तेवढंच राहत होतं. शंभरेक पावलांवर मला धाप लागली आणि मी थांबले. वावटळही थांबली. एका जागी गरगरत राहिली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी परत चालायला लागले, ती परत सरकली. पुढं एका जागी पायवाट बांधावर चढते तिथं आम्ही जरा रेंगाळलो, तर ती तिथंही घुटमळली.

तिसऱ्यांदा काय झालं ते मात्र मला नीट सांगायचंय. निम्म्याच्या पुढं गेल्यावर वहिनी “अगं आई गं” म्हणून ओरडली. बाभळीचा काटा तिच्या चपलेतून आरपार टाचेत गेला होता. मी मागं फिरले, तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि काटा काढायला लागले. काटा मोडला, नखानं उकरून काढावा लागला. मिनिटभर तरी गेलंच, जास्तही असेल. माझी पाठ वावटळीकडं होती. वहिनीचं तोंड तिकडं होतं.

वहिनी माझ्या खांद्यावर हात टेकवून एका पायावर उभी होती. तिचा आवाज अगदी हळू झाला. “वन्सं... ती हुभी हाय.”

“कोण?”

“ती. हलंना झालीय. आपल्यासाठी हुभी हाय.”

मी मान वळवून बघितलं. ती होती तिथंच होती. बारीक झाली होती, आता माणसाएवढीच राहिली होती, पण होती. आणि पलीकडचा धूर अजूनही आमच्याकडंच, पूर्वेकडं येत होता. वहिनीचा पदरही त्याच बाजूला उडत होता.

मला भीती वाटली का? खरं सांगते, नाही. भीती अण्णांची होती, दुसऱ्या कशाला मनात जागाच नव्हती. आम्ही उठून चालायला लागलो आणि ती आमच्या पुढं चालायला लागली. आमच्याच चालीनं. वहिनी लंगडत होती म्हणून आमची चाल हळू होती. वावटळीचीही.

ओढ्यावरच्या कच्च्या रस्त्यावर ती चढली, बरोबर नळ्यांच्या वर गेली आणि एका क्षणात खाली बसली... दोरी सुटलेलं पोतं बसतं तशी. धूळ पसरली. मग एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत मला घरघर ऐकू आली. घोरल्यासारखी, पण तुटक.

अण्णा डावीकडच्या नळीत बसले होते. गुडघे जवळ घेऊन, पाठ नळीच्या गोलाव्याला टेकवून. डोळे अर्धवट उघडे. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि कोरडं, घाम अजिबात नाही. रस्त्यावरून किंवा शेतातून ते कुणालाही दिसले नसते. आम्ही दोघींनी त्यांना ओढून बाहेर काढलं, स्कूटीच्या डिकीत पाण्याची बाटली होती ती आणायला मी परत लिंबापर्यंत पळाले, वहिनीनं पदर भिजवून त्यांच्या मानेवर, काखेत ठेवला. फोन केल्यावर गावातली जीप आली. दवाखान्यात सलाईन लावलं, बर्फ लावला. डॉक्टर म्हणाले, “अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.”

वहिनीनं मग जीपमध्ये घडलेली एक गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली. तिनं अण्णांच्या डोक्याला ओला रुमाल लावण्यासाठी त्यांची टोपी काढली होती. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. सरळ, नेहमीसारखी, आणि तिच्यावर धुळीचा कणही नव्हता.

मग वावटळीत होतं ते काय होतं?

संध्याकाळी पाच-साडेपाचला, अण्णांचा ताप उतरायला लागल्यावर, मी एक काम केलं. आम्ही दोघी तोवर एकमेकींशी त्याबद्दल काही बोललेलो नव्हतो, टोपीचं सोडून. मी दवाखान्यासमोरच्या दुकानातून एक वही आणली, मधलं पान फाडून वहिनीला दिलं आणि म्हणाले, “जे बघितलं ते लिहा. मला दाखवू नका. मी पण लिहिते.”

वहिनी म्हणाली, “मला काय लिवता येतंय तसलं?”

“येतं. अण्णा लिहायचे तसं लिहायचं. दिसलं तेवढं.”

ती दोन्ही पानं माझ्याकडं आहेत. तिच्या पानावर लिहिलंय की वावटळीत अण्णांची टोपी होती, तिनं ती ओळखली. माझ्या पानावर लिहिलंय, ‘पांढरे काहीतरी, टोपीएवढे.’ मला वाटतं तिथं मी प्रामाणिक राहिले. ती ‘टोपी’ म्हणाली म्हणून मला ते टोपीएवढं दिसलं, एवढंच असू शकतं. प्लास्टिकची पिशवी असेल. नंतर नळ्यांच्या आसपास मी शोधलं, पिशवी सापडली नाही. पण पिशवी उडून जाऊ शकते. तिनं वावटळ चार पुरुष उंच लिहिली आहे, मी दोन. तिनं चार वेळा थांबली असं लिहिलंय, मी तीन. एवढी तफावत असेल तर आमच्या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा? मी तरी ठेवला नसता.

पण काट्याच्या वेळचं दोघींच्या पानांवर जवळजवळ सारखं आहे. आम्ही आधी थांबलो, ती नंतर थांबली. आम्ही निघालो, ती निघाली. वारा समोरून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शुद्धीवर होते. बराच वेळ खिडकीकडं बघत होते. मग माझ्या हातातली वही बघून त्यांनी बोट केलं आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, “घे. लिही.”

मी पेन उघडलं.

“समक्ष हजर होतो. ऊन लई होतं. नळीत बसलो.” माझं लिहून होईपर्यंत थांबले. “एक बाई आली. शेजारी बसली. बोलली न्हाय.”

पलंगाच्या पायथ्याशी वहिनी बसली होती, तिनं तोंडावर हात घेतला.

मी विचारलं, “कोण बाई, अण्णा?”

अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. कितीतरी वेळ विचार केला. मग हात हलवून म्हणाले, “बाई लिवलंस का? खोड ते. बाई न्हाय. तोंड न्हाय बघितलं म्या. हात न्हाय बघितलं. बाई कसं लिहिता येईल?”

“मग काय लिहू?”

“कायतरी आलं, असं लिही. कायतरी आलं आन शेजारी बसलं. गरम हुतं. मग गेलं.” मग डोळे मिटून म्हणाले, “खाली सही घे माझी.”

त्यांना वार सांगता येत नव्हता. माझं नाव त्यांनी त्या दिवशी दोनदा चुकवलं. पण न दिसलेली गोष्ट कागदावर जाऊ द्यायची नाही, एवढं त्यांच्यात शाबूत होतं. वाकडीतिकडी सही केली. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ रडले. त्या फॉर्मवर याच्यासाठी चौकोन नव्हता.

शाळा उघडल्यावर मी हे सगळं आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना सांगितलं. ते निवृत्तीला आलेत, आणि चमत्कारांचा खोटेपणा दाखवणारे कार्यक्रम गावोगाव करतात. म्हणून मुद्दाम त्यांनाच सांगितलं. त्यांनी दोन्ही पानं वाचली, अण्णांचं वाचलं, चष्मा काढला.

“मॅडम, वावटळ वाऱ्याविरुद्ध जाऊ शकते का? थोडी जाऊ शकते. जमीन कुठं जास्त तापलीय, त्यावर आहे. सिमेंटच्या नळ्या, मुरमाचा रस्ता, नांगरट... तापमानात फरक पडतो. रस्त्यावर जाऊन ती विरली हेही समजू शकतो.”

“आणि थांबणं?”

“त्या घुटमळतात. आता मला सांगा, पहिल्या वेळी तुम्ही थांबलात म्हणून ती थांबली, का ती थांबली म्हणून तुम्हाला थांबल्याचं लक्षात राहिलं?”

“पहिल्या वेळचं मी सोडून देते, सर. दुसऱ्या वेळचंही. काट्याच्या वेळचं सांगा.”

सर म्हणाले, “योगायोग. एका वेळेचा योगायोग कधीही होऊ शकतो. तुमच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं.” आणि जरा वेळानं, “पण लिहिताना माझा हात थोडा अडखळला असता, हे खरं.”

त्यानंतर आम्ही पुष्कळ बोललो. मधल्या सुट्टीत, बसथांब्यावर. समजा एखाद्या गोष्टीत जाण असेल, तर ती ठेवायला जागा लागते की नाही? मुंगीला मेंदू आहे, लहान का होईना. लाजाळूला मेंदू नाही, तरी ती पानं मिटते. पण तिला शरीर आहे, उद्या ती तिथंच असणार. वावटळीला काय आहे? आत्ता तिच्यात असलेली माती पुढच्या क्षणी तिच्यात नसते. चार मिनिटं जगते. तिच्यात कालचं काही राहायला जागाच नाही. सर म्हणाले, “मग नदीचं काय? पाणी तर रोज नवं असतं.” मी म्हणाले, “नदीला आपण जिवंत म्हणत नाही, सर.” ते म्हणाले, “आपल्याकडं आरती करतात तिची.” आणि दोघंही हसलो.

कधी मला वाटायचं, ती वावटळ नव्हतीच. वावटळीत दुसरं काहीतरी होतं, जसा हातमोज्यात हात असतो. सर लगेच म्हणायचे, “म्हणजे न कळलेली एक गोष्ट समजावून सांगायला तुम्ही न दिसलेली दुसरी गोष्ट आणली. त्यानं काय सुटलं?” बरोबर होतं त्यांचं. भूत म्हणा, देवी म्हणा, परग्रहावरचं काही म्हणा... नाव दिलं की कळल्यासारखं वाटतं, कळत काहीच नाही. वहिनीचं मत मात्र पहिल्या दिवसापासून एकच आहे. आमची आई जाऊन नऊ वर्षं झालीत. वहिनीच्या मते ती आईच होती. मी तिच्याशी वाद घातला नाही. पण वहीत तसं लिहिलंही नाही. आई शेजारी बसली असती तर अण्णांनी ओळखलं नसतं का? का नसतं ओळखलं? मलाही ते कधी कधी ओळखत नव्हते...

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात सर आणि मी दोन दिवस त्या शेतात जाऊन बसलो. काठ्यांना दोरे बांधून वाऱ्याची दिशा बघितली, वावटळी मोजल्या. एकूण सतरा उठल्या. सोळा वाऱ्याबरोबर गेल्या, एक जागच्या जागी विरली. एकही आमच्याजवळ थांबली नाही. मी थांबून बघितलं, चालून बघितलं, पळून बघितलं. सरांनी ते सगळं लिहून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं मला पाणी दिलं.

अण्णा नळीत सापडल्यानंतर सव्वा वर्ष होते. त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, बहुतेक विसरले. पण मी त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलणं बंद केलं. त्यांच्याशी बोलायला लागले. शाळेत काय झालं, भाजी काय आणली, कोण भेटलं. उत्तर कधी यायचं, कधी नाही. एकदा मी विज्ञान प्रदर्शनाचं काहीतरी सांगत होते, तर मधेच म्हणाले, “पुरावा काय?” मला इतका आनंद झाला की काय सांगू. एका सकाळी झोपेतच गेले, शांतपणे, घरातच.

यंदाच्या एप्रिलात मी पुन्हा माहेरी गेले होते. वहिनी आणि मी शेतावर गेलो, तूर काढून झाली होती, सहज बघायला. पायवाटेनं चाललो होतो. समोरून एक वावटळ आली. साधीच, गुडघ्याच्या वर थोडी, पाचोळा घेऊन, वाऱ्याबरोबर, सरळ पायवाटेनं. आम्ही दोघी बाजूला झालो, वहिनी एका कडेला, मी दुसऱ्या. वावटळ आमच्या मधून गेली. घोट्यांना वाळू लागली, गरम हवा लागली. मागं वळून बघितलं, पन्नास पावलांवर ती विरली.

वहिनी माझ्याकडं बघून हसत होती. “वन्सं, तुमी कशाला सरकलाव?”

“डोळ्यांत माती गेली असती.”

“मातीसाठी माणूस तोंड फिरवतंय. तुमी तोंड न्हाय फिरवलं. तुमी वाट दिली तिला.”

घरी आल्यावर मी ते वहीत लिहिलं. ‘वावटळ आली. मी बाजूला झाले. तोंड फिरवलं नाही.’ दिसलं तेवढं.